चौथ्या तक्त्यातली तिसरी ओळ

कैलास भोईरांच्या नावावर एकोणीस पेपर होते आणि बासष्ट सायटेशन. सायटेशन म्हणजे दुसऱ्या कुणी आपल्या लेखात तुमच्या लेखाचा हवाला देणं. बासष्टांतले अकरा हवाले सरांनी स्वतःच स्वतःला दिलेले. त्याला फार नावं ठेवू नयेत. या धंद्यात आपली पाठ आपणच थोपटावी लागते. दहा इकडचेतिकडचे. उरलेले एक्केचाळीस मात्र एकाच पेपरचे होते.

तो पेपर अकरा वर्षांपूर्वीचा. सॉफ्टवेअर तपासताना कुठली चाचणी आधी घ्यावी, हे गणिताने ठरवायची रीत त्यात होती. माणूस एका स्क्रीनवरून पुढे कुठल्या स्क्रीनवर जाईल, याच्या शक्यता एका ओळीत मांडायच्या; त्यांची बेरीज एक आलीच पाहिजे. बारावीच्या पोरालाही हे ठाऊक असतं. पण चौथ्या तक्त्यातल्या तिसऱ्या ओळीत ०.४५, ०.३५ आणि ०.३० छापलं गेलं होतं. बेरीज १.१०. आणि पुढची सगळी उदाहरणं त्याच ओळीवर उभी.

सरांना ते छापून आल्यावर चार वर्षांनी दिसलं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. लगेच दुरुस्ती पाठवायची असं ठरवलं आणि मग वाटलं, थांबू जरा. कुणीतरी वाचेलच, कुणीतरी लिहील की सर, तुमची ओळ चुकली. सुरुवातीला त्यांना त्या पत्राची भीती वाटायची. पुढे पुढे ते त्याची वाट बघू लागले.

हेंद्रेपाड्यातल्या दोन खोल्यांत सर एकटेच. लग्न राहून गेलं ते गेलंच. आई, बनूबाई, होती तोवर घरात चार शब्द व्हायचे. आता अंबरनाथच्या कॉलेजातून आलं की चहा टाकायचा आणि इंटरनेटवरचं आपलं पान उघडून आकडा बघायचा. सात वर्षांत नऊचे एक्केचाळीस झाले. पत्र एकही नाही.

यंदा प्राध्यापकपदाची मुलाखत लागली. अर्जात आपला सर्वांत गाजलेला पेपर पुढे करायचा होता, म्हणजे तोच. शेजारच्या टेबलावरच्या नेत्रा मॅडमना त्यांनी पहिल्यांदा मनातलं सांगितलं. सात वर्षं झाकली मूठ ठेवलीत, आता मुलाखतीच्या तोंडावर कशाला उघडता, असं त्या म्हणाल्या. शहाणपणाचंच बोलल्या. पण सरांना मुलाखतीआधी एक गोष्ट जाणून घ्यायची होती: आपण लिहिलेलं जगात एका तरी माणसाने वाचलंय का?

त्यांनी हवाला देणाऱ्या बारा जणांना मेल केली, चौथ्या तक्त्याबद्दल आपलं मत काय म्हणून. चौघांचं उत्तर आलं. दोघांनी तक्ता फार उपयुक्त असल्याचं कळवलं. एकाने आपलेच तीन पेपर पाठवून त्यांचा हवाला द्यायची विनंती केली. चौथ्याने सरांचे पूरनियंत्रणातल्या कामाबद्दल आभार मानले. सर आधी हसले. मग भांडी घासता घासता त्यांना रडू आलं. एक्केचाळीस जणांनी एकमेकांच्या यादीतून नाव तेवढं उचललं होतं.

आता वाट बघण्यात अर्थ नव्हता. दुरुस्ती पाठवायची तर मूळचे आकडे हवेत, आणि सरांचा जुना कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला होता. पेपर टाइप झाला होता उल्हासनगरला, चंदूभाईंच्या टायपिंगच्या दुकानात. शनिवारी सर तिथे गेले. काउंटरवर चंदूभाईंची मुलगी सोनिया होती. चंदूभाई जाऊन दोन वर्षं झाली, असं तिने सांगितलं.

"पापा कोणाचा कागद फेकत नव्हते, सर," ती म्हणाली. "कस्टमर कभी भी आएगा, बोलायचे."

तिने माळ्यावरून सरांच्या नावाची फाइल काढून दिली. सर बाकावर बसून पानं उलटू लागले. त्यांच्या हाताने लिहिलेल्या मूळ पानावर ०.२० होतं, स्वच्छ. टाइप केलेल्या कच्च्या प्रतीवर ०.३०. आणि तिसऱ्या ओळीभोवती पेन्सिलीने गोल काढून चंदूभाईंनी लिहिलं होतं, 'टोटल १.१० आता है. बाकी सब में १ है. देख लेना सर.'

त्याखाली लाल शाईत उत्तर होतं: 'आहे तसंच ठेवा.' अक्षर सरांचं होतं.

मग त्यांना सगळं आठवलं. पाठवायचा शेवटचा दिवस होता. चंदूभाई कागद घेऊन पायरीपर्यंत मागे आले होते, आणि सरांनी त्यांना सांगितलं होतं की टायपिंग तुम्ही बघा, गणित मी बघतो.

"तुमचं ते पूर्ण वाचायचे," सोनिया म्हणाली. "बोलायचे, भोईरसर का लिखा हुआ समझ में आता है."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात वर्षं ज्या पत्राची वाट पाहिली, ते पेपर छापायच्या आधीच येऊन पडलं होतं.

दुरुस्ती त्यांनी तिथेच बसून लिहिली. मुलाखतीच्या अर्जाला तीच जोडायची, मग पद मिळो न मिळो. चूक कुणी दाखवली, या ओळीत चंदूभाईंचं पूर्ण नाव घातलं. टाइप करताना सोनिया त्या नावाशी थांबली. मग प्रिंट द्यायच्या आधी तिने स्क्रीनवर तिसऱ्या ओळीखाली बोट धरलं आणि ओठांतल्या ओठांत बेरीज केली.

"एक येतंय, सर. बघून घ्या एकदा."

सर उठले, चष्मा पुसून तिच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी तिसरी ओळ सावकाश मोजून पाहिली. या वेळी त्यांना कसलीच घाई नव्हती.