तीन फुटांवरचा कॅमेरा

सिनेमा शिकवणाऱ्या त्या मास्तरांना मुलं पाठीमागे ‘पॉज सर’ म्हणायची. दर दोन मिनिटांनी चित्र थांबवायचं आणि त्याची चिरफाड करायची, ही त्यांची पद्धत. आवाज कायम बंद. “कान फितूर असतात,” ते म्हणायचे, “डोळ्यांनी बघा.” कुणाचं उत्तर चुकलं की थंडपणे सांगायचे, “पुन्हा कर. जमणार नाहीच, पण कर.” या एका वाक्यावर किती पोरं शिक्षण सोडून गेली, याचा त्यांना चक्क अभिमान होता.

आज मात्र सरांचे पाय जमिनीवर नव्हते. पडद्यावर त्यांच्या लेकीचा पहिलावहिला सिनेमा होता, आणि सहा वर्षं घराची पायरी न चढलेली लेक शेवटच्या रांगेत येऊन बसली होती. आज तिला घरी घेऊन येतो, असा बायकोला शब्द देऊनच ते निघाले होते. त्यासाठी चार दिवस खपून त्यांनी सिनेमा वाचून काढला होता. अर्थात आवाज बंद ठेवून.

सिनेमा भयंकरच होता. जमिनीखालचा शेवाळलेला महाल, आणि त्यात शिंगांचा राक्षस. एक चिमुरडी राखेने भिंतीवर चित्रं काढते, तो ती चाटून पुसून टाकतो.

“हा सडलेला हिरवा रंग बघा,” सर रंगात आले. “राक्षसाचा चेहरा कधीच पूर्ण दिसत नाही, कारण सत्तेला चेहरा नसतो. कॅमेरा कायम जमिनीपासून तीन फुटांवर. ही पायाखालच्या रयतेची नजर. राक्षस म्हणजे हुकूमशहा!” जन्मात पहिल्यांदा ते कुणाचं तोंडभरून कौतुक करत होते, तेही पोटच्या पोरीचं.

पहिल्या रांगेतली एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, हा प्रसंग एकदा आवाजासकट बघूया ना.”

सर आज उदार झाले होते. त्यांनी आवाज सुरू केला.

राक्षसाने चित्र चाटलं आणि तो थंडपणे म्हणाला, “पुन्हा कर. जमणार नाहीच, पण कर.”

वर्गात हशा पिकला. मग एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडला आणि हशा जागच्या जागी विरला. जगाला अंधार वाचायला शिकवणाऱ्याच्या दिव्याखालीच अंधार!

लेक उभी राहिली. “सत्ताबित्ता काही नाही, बाबा. कॅमेरा तीन फुटांवर आहे, कारण मी तेव्हा तेवढीच होते.”

घरी चल, आई वाट बघतेय, एवढंच सरांना म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय थोडीच जाते!

“आवाजाची बाजू कच्ची आहे,” ते म्हणाले. “पुन्हा कर.”

“जमणार नाहीच,” लेक म्हणाली, आणि पिशवी खांद्याला अडकवून निघून गेली.

घरी बायकोने तिसरं ताट मांडून ठेवलं होतं.