कौतुकाचा शेरा

मी तोंडाने फटकळ आहे, हे आमच्या ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. कुठे मदत लागते ते बघायला वर्षभर आडगावच्या अडतीस शाळा फिरले आणि निम्म्याअधिक शिक्षकांना फैलावर घेतलं. त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. जीव खातेय ती एकच शाळा, जिचं मी कौतुक केलं.

बस संपली की तिथून डोंगर चढून दोन तास. वर्ग चार आणि शिक्षिका एकटी. पहिलीची पोरं अक्षरं गिरवत तोवर ही चौथीचे भागाकार तपासायची. मी तर बघतच राहिले. निघताना तिने हळूच विचारलं, "ताई, जोडीला कुणी मिळेल का? आईने अंथरूण धरलंय. बदली माणूस असल्याशिवाय रजा मंजूर होत नाही. महिनाभर तरी तिच्याजवळ राहीन म्हणते."

"अगं, मिळेल म्हणजे काय! माझ्यावर सोड," मी मोठ्या ऐटीत म्हणाले.

मग अहवाल लिहायला बसले आणि कौतुकाच्या भरात वाहवत गेले. शेऱ्याच्या रकान्यात ठसठशीत लिहिलं, 'शाळा स्वयंपूर्ण आहे.' तिची मागणी मागच्या पानावर सविस्तर मांडली. झालं, मी माझ्या पुढच्या शाळेला निघाले.

वर्षअखेरीला कारकुनाला विचारलं, "त्या शाळेला दुसरी शिक्षिका का नाही गेली?"

तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तर काट मारलीत. स्वयंपूर्ण म्हणजे त्यांना काही नको. हा शेरा असला की आम्ही मागचं पान उलटतच नाही."

"आणि हे मला कुणी सांगायचं?" मी कडाडले.

"मी सांगायला आलो होतो, तुमचा दौरा सुरू झाला त्या पहिल्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, मला नियम शिकवू नका."

म्हणाले होते खरी.

दुसऱ्या दिवशी निघाले. वाटेत काय बोलायचं ते दहादा घोकलं, पण एक वाक्य धड जुळेना. पोचले तेव्हा ती हजेरी घेत होती.

"आई कशी आहे?"

"गेली. दीड महिना झाला. शेवटच्या दिवशी पोचले कशीबशी, पण तिने ओळखलं नाही." आणि मग मलाच धीर द्यायला लागली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, ताई. वरचे लोक ऐकत नाहीत, त्याला तुम्ही काय करणार?"

गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. क्षणभर तसं मनात आलंही, खोटं कशाला बोलू? पण सांगितलं. माझा शेरा, न उलटलेलं पान, माझा तोरा, सगळं.

तिने हातातलं हजेरीपुस्तक मिटलं. मुलं आमच्याकडे टकामका बघत होती.

"आज वर्ग मी सांभाळते," मी म्हणाले. "हवं तर महिनाभर राहते. तू जा."

"कुठे जाऊ?" ती म्हणाली.