तांबेऱ्याचे सुके ठिपके

आमच्या ह्यांनी जन्मभर गव्हावर कडक औषधं फवारली, तीही तोंडाला फडकं न बांधता. "मला काय धाड भरणार आहे?" म्हणायचे. भरलीच शेवटी. छाती भात्यासारखी चालायला लागली. डॉक्टरांनी बजावलं, आता औषधाचा वाससुद्धा नको. मग पंप मी पाठीवर घेतला.

तांबेरा पडला की पानावर गंजासारखी भुकटी धरते आणि दाणा पोसत नाही. मी जिवाणूंचं औषध आणलं. त्यात विष नाही, पण रोग दिसायच्या आधीच मारावं लागतं. हे खाटेवरून हसायचे. "वाघाला ताक पाजून मारणार का तू?"

"वाघाचं मी बघते. तुम्ही गप पडून राहा," मी म्हणायचे.

शेजारीही हसायचे. मी कुणाच्या हसण्याला भीक घालत नाही, पण ह्यांच्या ते जिव्हारी लागायचं.

पुढं खालच्या पानांवर थोडे ठिपके आलेच. मी बोट फिरवून बघितलं, भुकटी लागली नाही. म्हणजे रोग जागच्या जागी सुकला होता. ह्यांना पान आणून दाखवलं. पण कडक औषधानं पान कोरं ठेवायची सवय त्यांना. म्हणाले, "ठिपका आहे ना? मग रोग आहे." कितीही समजावलं तरी पालथ्या घड्यावर पाणी.

एकदा मी बाजारातून आले तर फाटकापाशीच तो जुना वास आला. हे बांधावर बसले होते, पाठीवर पंप, ओठ निळे. अर्ध्या शेतावर कडक औषध मारून झालं होतं.

"अहो, काय केलंत हे?" मी पट्टे सोडत म्हणाले.

"तुला कुणी हसायला नको," एवढंच कसंबसं बोलले. दवाखान्यातून ते परत आले नाहीत.

कापणीला मी ह्यांनी मारलेल्या अर्ध्याचा आणि माझ्या अर्ध्याचा गहू वेगळा ठेवला. शेजारी विचारायला आले, कुठला सरस निघाला? मी ओंजळीत घेऊन पुन्हा पुन्हा बघितला. दोन्हीकडे दाणा सारखाच भरलेला, तिळमात्र फरक नाही. माझं औषध खरं ठरलं आणि मला रडू आवरेना. निदान त्यांच्या बाजूचा तरी चांगला यायचा होता हो. माणूस गेला, पण गहू वाचवून गेला, असं तरी म्हणता आलं असतं.