ब्लॉकमध्ये उरलं ते मेण

लॅबमध्ये मला पाठीमागे 'पातं' म्हणतात आणि तोंडावर मॅडम. ऑपरेशनमधून आलेले गाठींचे तुकडे मेणात बसवायचे आणि त्या ब्लॉकचे केसाहून पातळ काप काढायचे, हे मी बावीस वर्षं करते आहे. जीभही तशीच चालते म्हणे. चालू दे.

मंगळवारी खिडकीशी एक बाई डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली. तिच्या धाकट्या बहिणीचा अंडाशयाचा कॅन्सर दोन वर्षांनी उलटला होता. एका नव्या औषधाची चाचणी चालू होती, पण ज्यांच्या गाठीत एक ठरावीक प्रोटीन भरपूर आहे त्यांनाच ते मिळणार होतं. पेशीला सारखा 'वाढ, वाढ' असा निरोप पोचवणारं प्रोटीन. औषध त्या निरोप्याचंच तोंड बंद करतं. तपासायला जुन्या गाठीचे ताजे काप हवे होते. नवा तुकडा काढता येत नव्हता, कारण गाठ आतड्याला चिकटली होती. मुदत शुक्रवारपर्यंत.

"जुना तुकडा तुम्ही जपून ठेवता ना?" तिने विचारलं.

"ठेवतो तर. दहा वर्षं," मी ऐटीत म्हटलं.

कपाटातून ब्लॉक काढला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुकड्याच्या जागी नुसतं मेण. गाठीचा कणही शिल्लक नव्हता.

कुणी संपवला हे शोधायला लांब जायला नको. मीच. आमच्या सरांचा शोधनिबंध याच प्रोटीनवर होता आणि ते एका वेळी एकच काप मागायचे. आज एक, पंधरा दिवसांनी आणखी एक. दर वेळी ब्लॉक यंत्रावर नव्याने चढवायचा, आणि तो सपाट करण्यातच दहा-बारा काप कचऱ्यात जातात. "लागतील तेवढे एकदाच काढू, सर," असं मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "बघू." थेंबे थेंबे तळं आटलं आणि मी मूग गिळून पातं फिरवत राहिले. सरांपेक्षा मला माझीच जास्त चीड येते.

ब्लॉक घेऊन मी सरांच्या खोलीत गेले.

"त्यात काय, 'नमुना अपुरा' लिहा," ते मान वर न करता म्हणाले.

"अपुरा नव्हता, सर. चांगला मोठा होता. तुमच्याकडे तिचे काही काप आहेत अजून."

"पाच आहेत. निबंध तपासणाऱ्यांनी शंका काढली तर लागतील."

"ते द्या."

"दीड वर्षापूर्वीचे आहेत ते. एवढ्या जुन्या कापांत प्रोटीन नीट दिसत नाही. कुणी घेणार नाही."

म्हणजे कामाचेही नाहीत आणि द्यायचेही नाहीत.

"मग तुमचा निकाल तरी द्या. तिची तपासणी तुम्ही केलीच आहे."

"संशोधनातला निकाल रिपोर्ट म्हणून देता येत नाही. नियम ठाऊक आहेत ना? उगाच भावनेच्या भरात जाऊ नका."

भावना कसली, मला तो ब्लॉक त्यांच्या टेबलावर आपटायचा होता. तो मुठीत आवळून मी बाहेर पडले.

बाई खिडकीशी पर्स पोटाशी धरून उभी होती. मी तिला सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता.

"म्हणजे तिच्यात ते प्रोटीन आहे की नाही, हे तुमच्या सरांना माहीत आहे?"

"माहीत आहे. भरपूर आहे. निबंधातला पहिला फोटो तिच्याच गाठीचा आहे."

मी चाचणीवाल्यांना पाठवायचा फॉर्म पुढे ओढला. 'नमुना अपुरा'ची चौकट कोरी ठेवून खाली लिहिलं: नमुना पुरेसा होता. संशोधनासाठी आम्ही तो संपवला. त्या तपासणीत हे प्रोटीन भरपूर आढळलं. सही केली, शिक्का मारला.

"याने औषध मिळेल?"

"माहीत नाही. पण 'अपुरा' लिहिलं असतं तर फाईल आजच बंद झाली असती. आता चाचणीवाल्यांना निदान विचार करावा लागेल."

तिने फॉर्मची घडी पर्समध्ये ठेवली.

"तो फोटो," ती म्हणाली, "चांगला आलाय?"

"सगळ्यांत चांगला," मी म्हटलं. तो काप मीच काढला होता.