परत मागितलेली शाल

मी एक जुनी शाल आहे. जुनी म्हणजे वयाने, वापराने नव्हे. मित्रांनो, तुमच्या घरातली शाल जुनी होते तेव्हा तिच्यावर चहाचा डाग पडलेला असतो, तिची एखादी कड उसवलेली असते, तिला घरातल्या कुणाचा तरी वास येत असतो. माझ्यावर असली एकही खूण नाही. मी इतकी स्वच्छ आहे की मला त्याची लाज वाटते.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या एका यंत्रमागावर झाला. मी लोकरीची नाही, लोकरीसारखी दिसणारी आहे. काठाला सोनेरी कलाबूत आहे. तीही सोन्याची नाही, तशी चमकणारी आहे. पुढे ज्या कामासाठी मला नेमले गेले, त्यासाठी ही पात्रता पुरेशी होती. गठ्ठ्यात बांधून मी कारंजा शहरात आले, एका कापडाच्या दुकानात राहिले आणि तिथून शहरातल्या एका सांस्कृतिक मंडळाने मला विकत घेतले. मंडळाचे नाव मी सांगणार नाही. अशी मंडळे इतकी एकमेकांसारखी असतात की एकाचे नाव घेतले तर इतरांवर अन्याय होईल.

नवरात्रात शारदोत्सव, कोजागिरीला कविसंमेलन, मग दिवाळी अंकाचे प्रकाशन आणि शेवटी दिवाळी पहाट, असा आमच्या मंडळाचा हंगाम असतो. या दिवसांत शहर इतके सुसंस्कृत होते की कुणालाही काही वाचायला सवड उरत नाही. पहिल्या वर्षी एका वृद्ध कथाकाराच्या खांद्यावर मला घातले तेव्हा टाळ्या वाजल्या. मला वाटले, आता मी यांच्या घरी जाणार. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष माणिकराव त्यांना आलिंगन देण्यासाठी पुढे झाले आणि त्यांच्या कानाशी पुटपुटले, “शाल मांगं देजा, पुढच्याले लागते.” कथाकार समजूतदारपणे हसले. मी उतरवली गेले, माझी घडी झाली आणि मी पुढच्या खांद्यावर चढले.

तेव्हापासून माझे आयुष्य असेच चालले. ध्वनिक्षेपकावर मला महावस्त्र म्हणतात, मानाची शाल म्हणतात; कानाशी मात्र मला परत मागतात. प्राध्यापक, संपादक, पुरवठादार, नगरसेवकाचे मेहुणे, सगळ्यांचे खांदे मी पाहिले. कविसंमेलनात एका कवितेला जेवढा वेळ मिळतो, त्याहून अधिक वेळ माझी घडी उलगडायला लागतो. उरलेले वर्षभर मी पत्र्याच्या पेटीत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, मंडळाच्या समईशेजारी पडून असते. तिथे मला झोप येत नाही. ज्यांचा मान मी केला त्यांच्यापैकी एकाचाही आवाज मला पुरता ऐकायला मिळाला नव्हता. आपण नेमके कशाचे कौतुक करीत आलो, हा प्रश्न त्या अंधारात फार टोचतो.

गेल्या दिवाळीत अन्सार आले. ते कामरगावचे. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतात. घोड्यापुढे चालत सिनेमाची गाणी वाजवण्यात त्यांचे वय गेले. पण तरुणपणी त्यांच्या उस्तादांनी त्यांना ललत हा राग शिकवला होता. ललत उजाडण्यापूर्वीचा राग आहे. वरातीत त्याला कोण विचारणार? म्हणून ते तो घरीच, गावाला जाग यायच्या आत वाजवीत. शेजारच्या एका लग्नघरी पाहुणी म्हणून मुक्कामाला आलेल्या साधनाबाईंच्या कानावर तो पडला. साधनाबाई शहरात गाण्याचे वर्ग घेतात आणि मंडळाच्या कार्यक्रमांचे निवेदन करतात. त्यांनी हट्ट धरला की दिवाळी पहाटेची सुरुवात अन्सारकाकांच्या ललतने व्हावी. पत्रिकेवर त्यांचे नाव पहिले छापले गेले.

या हट्टाला एक कारण होते. अन्सारांची छाती आता साथ देत नव्हती. डॉक्टरांनी सांगितले होते, ही दिवाळी झाली की वाद्य कायमचे ठेवून द्या. हे त्यांच्याखेरीज फक्त त्यांच्या पत्नीला, हलिमाबींना, ठाऊक होते. त्यांनी ते साधनाबाईंना सांगितले होते. म्हणजे जन्मभर जपलेला तो राग चार माणसांसमोर, त्याच्या वेळेला वाजवण्याची ही पहिली आणि अखेरची संधी होती.

त्या दिवशी अंधार असतानाच मैदान भरले. दवाने सतरंज्या ओल्या झाल्या होत्या. अन्सार नवा सदरा घालून, क्लॅरनेट मांडीवर घेऊन मंचाच्या कोपऱ्यात बसले होते. मी तबकात, नारळाशेजारी होते. सगळे तयार होते; फक्त प्रमुख पाहुणे आले नव्हते. आता मित्रांनो, आमच्याकडचा एक नियम समजून घ्या. समई लागल्याशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही आणि पाहुणे आल्याशिवाय समई लागत नाही. हा नियम कुठल्याही शास्त्रात नाही, म्हणूनच तो कुणी मोडत नाही.

साधनाबाई दोनदा माणिकरावांकडे गेल्या. सुरुवात करू द्या म्हणाल्या.

“पाहुणे रस्त्यात हायेत, बाई,” माणिकराव म्हणाले. “त्याईच्या आंधी वाजवलं त त्याईले काय वाटंन?”

“समईले उशीर चालते, सर. ललतले नाही चालत.”

“पाचच मिनिटं.”

हे बोलणे पुढच्या रांगेत बसलेल्या हलिमाबींनी ऐकले. त्या शेजारणीला म्हणाल्या, पण साऱ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, “पहाटीचा कार्यक्रम हाय न? मंग पहाट काय पाव्हन्याच्या गाडीत बसून येऊन राह्यली काय?” बायका हसल्या. माणिकरावांनी ऐकले नाही असे दाखवले.

पूर्वेला फिकट रेघ उमटली. अन्सारांनी वाद्य ओठांना लावले आणि खाली ठेवले. पुन्हा उचलले, पुन्हा ठेवले. मला तबकात स्वस्थ राहवेना. कुणीतरी त्यांना खूण करावी, एवढेच मला वाटत होते. आणि मंचावर माणसांची कमी नव्हती. ते सारे रस्त्याकडे पाहत होते. कावळे बोलू लागले, मैदानाच्या कडेचे निंबाचे झाड स्पष्ट दिसू लागले, आणि पहाट, जिच्या नावाने पत्रिका छापली होती, त्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

पाहुणे आले तेव्हा उन्हे मंचाच्या पत्र्यावर होती. समई लागली, उन्हात तिची ज्योत दिसत नव्हती. मग सत्कार झाले. मी पाहुण्यांच्या खांद्यावर गेले, परत आले, मंडप देणाऱ्याच्या खांद्यावर गेले, परत आले. त्यानंतर पाहुण्यांनी आपल्या संस्कृतीत वेळेला असलेल्या महत्त्वावर दीर्घ भाषण केले. लोक फराळाच्या टेबलाकडे पाहू लागले.

माणिकरावांना अखेर अन्सारांची आठवण झाली. ध्वनिक्षेपकावर त्यांची भाषा बदलली. आपल्या मातीतील या साधकाचा सन्मान करणे हे आपले कर्तव्य असल्याचे त्यांनी जाहीर केले आणि मला अन्सारांच्या खांद्यावर घातले. माझ्याखाली त्यांची छाती धापा टाकत होती. इतक्या खांद्यांवर बसून मी आतला श्वास प्रथमच ऐकला.

“वाजवा न आता, अन्सारभाई,” माणिकराव म्हणाले. “सकाळचाच राग हाय न? सकाळच त हाय. दोन मिनिटं होऊन जाऊ द्या.”

अन्सार उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

“साहेब, दिवस निघाल्यावर खाल्लं त त्याले रोज्याची सेहरी नाही म्हणत. नाश्ता म्हणतात. नाश्ता तिकडं लागेल हाय.”

त्यांनी क्लॅरनेट कापडात गुंडाळले. माणिकरावांनी हसून वेळ मारून नेली, छायाचित्र काढून घेतले, आणि सवयीने त्यांच्या कानाशी वाकले. पण हलिमाबी तोवर पायरीपर्यंत आल्या होत्या.

“काहून वापस मांगता, दादा?” त्या म्हणाल्या. “आत्ताच त लाऊडस्पीकरमधी सन्मान म्हणे. सन्मान मांगं घेतात काय?”

पहिल्या दोन रांगा त्यांच्याकडे पाहत होत्या. माणिकरावांचा हात वाटेतच थांबला. साधनाबाईंना ध्वनिक्षेपकावर पुढचे नाव पुकारायचे होते. त्यांनी नावांची यादी घडी घालून ठेवली. तेवढ्या अवधीत मी मंचावरून उतरले आणि कामरगावच्या जीपमध्ये बसले.

दुसऱ्या दिवशी अंधारातच अन्सार गच्चीवर गेले. मी त्यांच्या अंगावर होते. हलिमाबी भिंतीला टेकून बसल्या. पहिला सूर फुटला, श्वास तुटला, त्यांनी थांबून पुन्हा सुरुवात केली. तो राग कसा होता हे मी सांगू शकत नाही. वर्षानुवर्षे ज्याला मी मान समजत आले होते, तो त्याच्यापुढे निव्वळ कपडा होता, एवढेच सांगते. समोरच्या घरांची छपरे दिसू लागली तशी त्यांनी वाद्य खाली घेतले. अजून बाकी आहे का, असे हलिमाबींनी विचारले.

“बाकी हाय,” ते म्हणाले. “पन उजाडलं.”

थोड्या वेळाने वर्तमानपत्र आले. त्यात छायाचित्र होते: अन्सार, माणिकराव आणि मधोमध मी. खाली लिहिले होते की अन्सार यांच्या सुरेल वादनाने रसिकांची पहाट मंत्रमुग्ध झाली. बातमी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच, पत्रिकेवरून, तयार झाली असावी. हलिमाबींनी ती मोठ्याने वाचली. अन्सार इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. त्यानंतर त्यांनी क्लॅरनेट उघडलेले नाही. मंडळाने नवी शाल आणली आहे, असे ऐकते.

मित्रांनो, जुन्या वस्तू कहाणी संपवताना आपली काळजी घेण्याची विनंती करतात. मला तसे काही मागायचे नाही. मला कसर लागली तरी कुणाचे नुकसान होणार नाही. पण येत्या सणात तुमच्या गावात कुणी वाजवायला येईल, कुणी कविता वाचायला येईल. त्याच्या खांद्याकडे हात नेण्याआधी त्याच्यासमोर बसा. पाहुणे आले नसतील तर त्यांची खुर्ची रिकामी राहू द्या, समई तशीच राहू द्या, आणि त्याला सांगा: काका, तुम्ही सुरू करा.