वरून घातलेलं पाणी

रक्ताच्या आजारापायी नवऱ्याला त्याच्या बहिणीच्या स्टेम सेल्स, म्हणजे नवं रक्त तयार करणाऱ्या पेशी, चढवून घरी आणलं, तेव्हापासून सूनबाईच्या स्वयंपाकघराची नुसती भट्टी झाली होती. प्यायचं पाणी उकळा, दात घासायचं उकळा, भाज्या धुवायचंसुद्धा उकळा. त्याची जुनी प्रतिकारशक्ती औषधांनी पार पुसून टाकलेली, नवी अजून उभी राहायची होती. म्हणून ही बाई पहाटे गॅस पेटवायची, मग कारखान्यात दिवसभर शर्टांना कॉलर लावायची आणि आल्या आल्या पुन्हा पातेल्यापुढे उभी. पायांचे अगदी तुकडे पडायचे.

एवढं करूनही त्याला जुलाब लागले. साधेसुधे नव्हेत, थांबायचं नावच घेईनात. बघता बघता माणसाचा सापळा झाला. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाण्यातून येणारा परजीवी आहे. नळाच्या पाण्यात टाकतात त्या औषधाला तो भीक घालत नाही, उकळलं तरच मरतो. तुम्हा-आम्हाला थोडे दिवस त्रास देऊन जातो, यांच्या पोटात मात्र ठाण मांडून बसलाय. पाणी कसलं देता?"

"उकळूनच देते हो!" सूनबाई तडकली. "मला दुसरं काम तरी काय आहे?"

मागे भिंतीला टेकून उभी असलेली सासू हळूच म्हणाली, "मी वरून थोडं नळाचं घालत होते."

"काय?"

"गरम असायचं गं. तो गार मागायचा. आणि पातेलं रिकामं झालं की तू दमून येऊन पुन्हा उकळत बसणार. म्हटलं, उकळलेल्यात मिसळलं की तेही चांगलंच होईल."

सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माझा जीव गेला त्या गॅसपुढे, आई! आणि तुम्ही..." ती बाहेर जाऊन ढसाढसा रडली.

औषधं सुरू झाली. परजीवीशी लढता यावं म्हणून त्याच्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या कमी केल्या, तर बहिणीच्या पेशी त्याच्याच अंगावर उठतील ही नवी धास्ती. कसाबसा तगला बिचारा. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "पुन्हा असं झालं, तर ते वाचतील असं मला वाटत नाही."

त्यानंतर सासूने स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. पाहुणी आल्यासारखी खुर्चीत बसून राहायची. बरंच झालं, लांबच राहा, असं सूनबाईला वाटायचं. आणि एकटीने ओढून ओढून तिचा पार चोथा झाला होता.

एका संध्याकाळी आतून नवऱ्याने पाणी मागितलं. ती कारखान्यातून नुकती आलेली, डोळे उघडे राहत नव्हते. पेला भरून ती दारापर्यंत गेली आणि थबकली. पातेलं तर रिकामं होतं. पेला तिने नळाखाली भरला होता.

तिने तो मोरीत ओतला.

"आई, उठा."

सासूने दचकून वर पाहिलं.

"पाणी ठेवा उकळायला. खळखळून उकळू द्या, आणि झाकून आपोआप गार होऊ द्या. वरून थेंबही नाही."

"मी? तुझा विश्वास बसेल?"

"नाही बसणार. माफही केलेलं नाही मी तुम्हाला. पण माझ्या एकटीच्याने होत नाही हो आता!"

सासूने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि पातेलं उचललं. सूनबाई दारातच जमिनीवर आडवी झाली. डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, नीट लक्ष ठेवायचं, असं तिने पक्कं ठरवलं होतं. पाण्याला उकळी फुटायच्या आत ती घोरत होती.