डाळिंबाच्या बागेतली एकशे त्रेचाळीस नंबरची सीडी

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे आणि मी रागावलेली आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. छत्री बोलते, फाटकं पुस्तक बोलतं, पण कुणी कुणाला दुखवत नाही. मलाही तसंच बोलायचं होतं. पण चार महिने डाळिंबाच्या बागेत सुतळीला लटकून काढल्यावर अंगात गोडवा उरत नाही. त्याला माझा इलाज नाही.

२००७ साली श्रीरामपूरच्या बाजारातून पन्नास जणींच्या डब्यात बसून मी राहुरीजवळच्या या वस्तीवर आले. मला आणणारे सहादेव एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. चारचौघांत बोलायची वेळ आली की ते चष्मा पुसत बसायचे. ऐकायची मात्र त्यांना भारी हौस. टेपरेकॉर्डरवर ते कुठले कुठले आवाज भरून आणायचे. कांद्याचा लिलाव, छिन्नीने जात्याला टाकी लावणारा वडार, धरणाच्या दारातून सुटलेलं पाणी. मग घरी येऊन संगणकातून ते आमच्यात उतरवायचे. पुढे फोटोही ठेवू लागले. असं करता करता आम्ही चारशे बारा जणी झालो.

माझ्या वाट्याला रज्जाकभाई आले. श्रीरामपूरच्या एसटी स्टँडवर गाड्या पुकारणारा तो आवाज. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी सहादेव माइकच्या खिडकीशी टेप धरून उभे राहिले. अठ्ठावीस मिनिटांचं ते बोलणं माझ्यात आहे. म्हणजे होतं. अगदी शेवटी रज्जाकभाईंनी एक गंमत केली होती. ती पुढे येईलच.

आता सहादेवांच्या दोन चुका सांगते. दोन्ही मी तेव्हाच पाहिल्या, पण सीडीला कोण विचारतं?

पहिली चूक ग्रंथालयाची. पुस्तकावर लिहायचं नाही, नंबर चिठ्ठीवर आणि माहिती कार्डावर, ही शिस्त त्यांच्या हाडात होती. म्हणून माझ्या अंगावर त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. पाकिटावर खळीने चिठ्ठी चिकटवली, १४३. बाकी सगळं सुंदर अक्षरात कार्डावर, आणि कार्ड खणात. काही वर्षांत कसर लागली. खळ गेली आणि चिठ्ठ्या पानगळीसारख्या कपाटाच्या तळाशी पडल्या.

दुसरी चूक घड्याळाची. त्यांच्या संगणकातला बारीक सेल मेला होता. तेव्हा लोडशेडिंग रोजचंच. वीज गेली की संगणक सगळं विसरायचा आणि पुन्हा चालू केला की म्हणायचा, आज १ जानेवारी २००२. सहादेव हसून म्हणायचे, "म्हणू दे, कार्डावर खरी तारीख आहे." त्यामुळे आवाजाच्या आम्ही एकशे साठ जणी संगणकाच्या लेखी एकाच दिवशी जन्मलो. प्रत्येकीतल्या फाइलचं नावही एकच होतं, 'ट्रॅक ०१'.

गेल्या वर्षी सुनेने, रुपालीने, कपाट उघडलं. बाई कामाची. नवरा कारखान्यात, म्हणून बाग तीच बघते. म्हणाली, "आबा, ह्या पसाऱ्याची यादी करू. त्याला सॉफ्टवेअर असतंय. पण आधी दोन-तीन ताडून बघू."

सहादेवांनी वहीत पेन्सिलीने तक्ता आखला. पहिलं सॉफ्टवेअर वेगवान. सीडी आत घातली की मिनिटात यादी तयार, पण यादीत नुसती फाइलींची नावं. दुसरं देखणं. फोटो दाखवायचं, तारखेने लावायचं, सारख्या सीडी शोधून वेगळ्या काढायचं. तिसरं फुकटचं आणि दिसायला गबाळं, पण त्यात प्रत्येक सीडीसमोर मराठीत हवं ते लिहायला मोठी जागा होती. कार्डावरचं सगळं त्यात मावलं असतं. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यावर सहादेवांनी लिहिलं होतं, 'माणसाने सांगितलेलं ऐकतं का?' पहिल्या दोघांपुढे फुली, तिसऱ्यापुढे बरोबरची खूण.

मित्रांनो, तो तक्ता त्यांनी कुणालाही दाखवला नाही.

रुपालीने दुसरं निवडलं. एकेक सीडी घालत गेली आणि शेवटी म्हणाली, "आबा, ह्यातल्या एकशे साठ तर एकाच सीडीच्या कॉप्या हायेत! नाव तेच, तारीख तीच. एक ठेवते, बाकीच्या बागेत लावते. बुलबुलांनी लई उच्छाद मांडलाय."

सहादेव चष्मा पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "मशीन म्हणतंय तर असेल."

त्या यंत्राने आवाज ऐकला नव्हता. नाव आणि तारीख बघून त्याने निकाल दिला. पण त्याला कान नव्हते. यांना तर कान होते!

दुसऱ्या दिवशी आमच्या मधल्या भोकांतून सुतळी ओवली गेली. फेब्रुवारी ते मे. ऊन काय असतं ते तुम्हाला टोपीखालून कळायचं नाही. ज्या रंगात माझा आवाज लिहिलेला आहे, तो रंग काठाकडून उडू लागला. बुलबुल पहिले आठ दिवस घाबरले. नवव्या दिवशी एक माझ्यावर बसून डाळिंब खाऊ लागला. एवढ्यासाठी मी रज्जाकभाईंना उन्हात जाळत होते.

मेच्या अखेरीस शरिफा आली, रज्जाकभाईंची लेक. रज्जाकभाई जाऊन नऊ वर्षं झाली. "काका, अम्मी दोन महिने अंथरुणाला हाय. एकच घोकते, त्यांचं ते शेवटचं पुकारणं ऐकव. तुमी भरून घेतलं हुतं ना?"

सहादेवांनी लगेच कार्ड काढलं. १४३. रुपालीने संगणकात शोधलं आणि ठेवलेली ती एकच सीडी लावली. त्यातून कांद्याचा लिलाव निघाला.

"माझे अब्बा कांदे न्हवते विकत," शरिफा म्हणाली.

रुपालीचा चेहरा उतरला. "आबा, ह्या वेगवेगळ्या हुत्या? तुमाला म्हाईत हुतं?"

"होतं. पण मला वाटलं, माझंच चुकत असेल."

"मग बोलायचं न्हाई का? मी काय खाणार हुते तुमाला?"

तिघं बागेत धावली. एकशे एकोणसाठ सुतळ्या कापल्या. रुपाली ओल्या फडक्याने एकेक पुसून लावत गेली. कितीतरी जणी मुक्या झाल्या होत्या. जात्याला टाकी लावणारा गेला, धरणाचं पाणी गेलं. एक्क्याण्णवावी मी. यंत्र घरघरलं आणि माझ्यातून आवाज आला, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. नेवासा, शेवगावमार्गे पाथर्डीकडे जाणारी..."

शरिफाने तोंडावर पदर धरला. मग घाईने घरी फोन लावला आणि यंत्राजवळ धरला. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. अकरा मिनिटं बोलले. मग अडखळले. आमच्यात आवाज आतून बाहेर लिहिला जातो, शेवट काठाच्या बाजूला असतो, आणि ऊन मला काठाकडून आतपर्यंत खात आलं होतं. मी गप्प झाले.

फोनमधून म्हातारीचा बारीक आवाज आला. "पुढं? ते घरचं राहिलं ना."

शरिफा फोन परत कानाला लावणार, तेवढ्यात सहादेवांनी हात पुढे केला. ते उभे राहिले, घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने, माइकसमोर उभं राहिल्यासारखे बोलले, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. फलाट क्रमांक तीनवरून रज्जाकभाई आता घराकडे निघत आहेत. गाडी पुन्हा येणार नाही. सोबत पाव किलो जिलेबी आहे. स्टँडमागच्या घरच्यांनी चहा ठेवावा."

पलीकडे म्हातारी हसली आणि म्हणाली, "ठेवला, ठेवला."

एक शब्द इकडचा तिकडे नव्हता, मी साक्षीला आहे. म्हणजे सतरा वर्षं हे सगळं या माणसाच्या तोंडात होतं. फेब्रुवारीत यातले चार शब्द बोलला असता तर?

त्या दिवशी सहादेवांनी शिस्त मोडली. मार्कर पेन घेऊन माझ्या अंगावर लिहिलं, 'रज्जाकभाई, श्रीरामपूर स्टँड, शेवटचा दिवस. अकरा मिनिटं शिल्लक.' तो पेन्सिलीचा तक्ता आता रुपालीने भिंतीला लावला आहे. तिसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती कार्डं भरते, सहादेव शेजारी बसून वाचून दाखवतात. चुकलं तर तिला टोकतात. अजून हळू टोकतात, पण टोकतात.

मित्रांनो, माझा राग गेलेला नाही. सतरा मिनिटं जळाली, ती परत येणार नाहीत. आम्हाला सावलीत ठेवा, आमच्यावर नाव लिहा, एवढं तर कुठलीही सीडी सांगेल. मी आणखी एक सांगते. यंत्र चुकतंय हे तुम्हाला दिसत असेल, तर चष्मा पुसत बसू नका. तोंड उघडा. आम्ही बोलू शकत नाही.